छत्रीने छिद्र बंद झालं, आता ठोक्यांकडे लक्ष कसं ठेवायचं

लहान मुलांच्या हृदयरोग विभागात मी बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम करते. हृदयातलं छिद्र आता पुष्कळदा जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन छत्रीसारख्या जाळीने बंद करतात. हे काम जिथे होतं त्या कॅथलॅबमधून पोर बाहेर येतं, जांघेवर एक पट्टी असते आणि छातीवर एक टाकाही नसतो. ते बघून आईबापांच्या तोंडावर जो उजेड येतो, तो आजही मला थांबून बघावासा वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूल वॉर्डभर पळायला लागतं. घरी जाताना गोळ्यांच्या वेळा, जांघेची काळजी आणि पुढची तारीख सांगितली जाते. ठोक्यांबद्दल फार कमी बोललं जातं.

सात वर्षांची एक मुलगी छत्री बसवल्यानंतर तीन आठवड्यांनी परत आली होती. तिचा व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र, बंद केलेलं होतं. आई म्हणाली, "चार दिवस झाले, नुसती पडून असते. जिना चढताना मधेच बसते." जवळच्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून टॉनिक लिहून दिलं होतं. मी मनगट धरलं. एक ठोका लागला, आणि पुढचा येईपर्यंत मला वाटलं माझंच बोट सरकलं. मिनिटाला ४४. जाग्या, बसलेल्या, सात वर्षांच्या मुलीची नाडी ४४. ईसीजी काढला तर वरचे कप्पे आपल्या गतीने आणि खालचे त्यांच्या गतीने चाललेले, मधला निरोप पूर्ण तुटलेला. त्याच संध्याकाळी तिला तात्पुरता पेसमेकर लावावा लागला. मुलगी सुखरूप आहे. पण त्या चार दिवसांत घरात कुणी एकदा जरी नाडी मोजली असती तर ती चार दिवस आधी आली असती, आणि नाडी मोजायला आम्ही त्यांना शिकवलंच नव्हतं. तेव्हापासून मी एकाही कुटुंबाला ते शिकवल्याशिवाय घरी सोडत नाही.

लोक जोराच्या धडधडीला घाबरतात. छत्रीनंतर, विशेषतः व्हीएसडीच्या मुलांमध्ये, जास्त घाबरायचं ते संथ नाडीला.

आधी समजून घ्या: छत्री कुठे बसते आणि वायरिंग कुठून जाते

उजव्या वरच्या कप्प्याच्या माथ्याशी, जिथे वरची मोठी शीर हृदयात उघडते तिथे, ठोका सुरू करणारं केंद्र असतं. तिथून निघालेला विजेचा निरोप वरच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याच्या तळाशी असलेल्या दुसऱ्या केंद्राकडे येतो. त्याला एव्ही नोड म्हणतात. तो तिथे क्षणभर थांबतो आणि मग एका बारीक जुडग्यातून खालच्या कप्प्यांत उतरतो. वरपासून खालपर्यंत जायला ही एकच वाट आहे.

आता छिद्रं बघा. एएसडी म्हणजे वरच्या पडद्यातलं छिद्र. छत्रीने बंद होणारा एएसडी पडद्याच्या मध्यभागी असतो, पण छत्री मोठी असली तर तिची कड एव्ही नोडच्या अंगणात येते. व्हीएसडीचं गणित याहून नाजूक आहे. पडदा जिथे पातळ असतो तिथल्या व्हीएसडीत ते बारीक जुडगं छिद्राच्या खालच्या-मागच्या काठानेच जातं, पदराच्या काठाला जर असते तसं. छत्री म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या लवचिक तारांच्या जाळीच्या दोन चकत्या आणि मधे कंबर. ती त्या काठालाच पकडून बसते. दाबाने किंवा सुजेने जुडगं दुखावलं की निरोप उशिरा पोचतो, अधूनमधून हुकतो, किंवा बंदच पडतो. यालाच हार्ट ब्लॉक म्हणतात.

या शब्दाने फार घोटाळा होतो. "ब्लॉक आहे" म्हटलं की घरचे अँजिओप्लास्टीचं विचारायला लागतात. एका आजोबांनी तर नातवाचं तूप-लोणी बंद करून टाकलं होतं. हा ब्लॉक रक्तवाहिनीतला नाही, विजेच्या वाटेतला आहे. त्याचा चरबीशी काही संबंध नाही.

पीएफओ हे तिसरं छिद्र. ती जन्माआधीची खिडकी असते, पुष्कळ मोठ्या माणसांत ती पूर्ण मिटत नाही. तरुण वयात लकवा झाला आणि दुसरं कारण सापडलं नाही तर काहींची ही खिडकी छत्रीने बंद करतात. तिथे ब्लॉकपेक्षा वरच्या कप्प्यांच्या थरथरीचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा प्रश्न जास्त. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या रिड्यूस या मोठ्या चाचणीत छत्री बसवलेल्यांपैकी ६.६ टक्के लोकांना ही थरथर झाली, आणि बहुतेकांना पहिल्या ४५ दिवसांतच.

पीडीए म्हणजे जन्मानंतर मिटायला हवी ती, हृदयाबाहेरच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी नळी उघडी राहणं. त्याची छत्री किंवा कॉईल (तारेचं वेटोळं) त्या नळीतच बसते, या वायरिंगपासून लांब. तुमच्या मुलाचं पीडीएचं काम झालं असेल तर ठोक्यांची काळजी पुष्कळ कमी आहे.

प्रोसिजरच्या आधी करायचं काम

आधीचा ईसीजी फाइलमध्ये आहे का ते बघा. एएसडीच्या पुष्कळ मुलांच्या ईसीजीत उजव्या बाजूचा निरोप किंचित उशिरा पोचल्याची खूण आधीपासूनच असते. नंतर कुठल्या तरी नवीन डॉक्टरांनी ती पहिल्यांदा बघितली की सगळ्यांना वाटतं, छत्रीनेच बिघडवलं. जुना कागद समोर ठेवला की हा घोळ दोन मिनिटांत सुटतो.

एएसडी चाळिशीनंतर सापडला असेल तर डॉक्टरांना थेट विचारा: "मला आधी कधीतरी धडधड झाली आहे, होल्टर (दिवसभर ठोके टिपणारी पेटी) लावून बघायचं का?" वर्षानुवर्षं जास्त रक्त येऊन उजवा वरचा कप्पा ताणलेला असतो, आणि छिद्र बंद केल्यावर तो ताण लगेच उतरत नाही. ज्यांना आधीच फिब्रिलेशन किंवा फ्लटर (वरच्या कप्प्यांचा तसाच एक वेगाचा आजार) आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची: त्यावर अ‍ॅब्लेशन, म्हणजे नळी नेऊन आतली बिघडलेली जागा डागणं, करायचं असेल तर त्याचा निर्णय छत्रीच्या आधी व्हायला हवा. डाव्या वरच्या कप्प्यात नळी न्यायची ती याच पडद्यातून. पडद्यावर छत्री बसली की ती वाट अवघड होते.

नाडी मोजायला शिका, तेही वॉर्डमध्ये असतानाच

मुलाचा तळवा वर करा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, तर्जनी आणि मधलं बोट हलकंच टेकवा. आपला अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. ठोका लागला की घड्याळाकडे बघून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे चालत नाही, कारण हुकणारा ठोका पंधरा सेकंदांत सापडेलच असं नाही. तान्ह्या मुलाची नाडी मनगटावर नीट लागत नाही. दंडाच्या आतल्या बाजूला बघा, नाहीतर सरळ छातीला कान लावा.

मोजायची वेळ ठरवून घ्या. मूल जागं, शांत, खेळून किंवा रडून निदान दहा मिनिटं झालेली असावीत. पहिला महिना रोज एकदा, पुढे सहा महिन्यांपर्यंत आठवड्यातून दोनदा. वहीत तारीख, वेळ, आकडा आणि "नियमित" की "हुकतो" एवढंच लिहा.

आकडे ढोबळमानाने असे: जागं असताना तान्ह्या बाळाची नाडी १०० ते १६०, पाच-सहा वर्षांच्या मुलाची ७५ ते १२०, मोठ्या माणसाची ६० ते १००. झोपेत याहून कमी होते, ते ठीक. पण खरा उपयोग या आकड्यांचा नाही, तुमच्याच वहीतल्या कालच्या आकड्याचा आहे. रोज ९५ लागणारी नाडी दोन दिवस ६५ लागली तर पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, फोन करा.

एका गोष्टीने मात्र दचकू नका. मुलांची नाडी श्वास घेताना जराशी जलद होते आणि सोडताना संथ होते, लाटेसारखी. हे निरोगी मुलातही असतं. मुलाला क्षणभर श्वास रोखायला सांगा, लाट थांबली तर काळजी नाही. लाट नसताना मधला एखादा ठोकाच गायब होत असेल तर वहीत लिहा आणि दाखवा.

करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर चालेल, पण त्यावर विसंबू नका. बोट गार असलं किंवा ठोके अनियमित असले की तो चुकीचा आकडा दाखवतो.

डिस्चार्जच्या दिवशीचा ईसीजी मागून घ्या

हा कागद सोन्यासारखा जपा. पुढे काहीही झालं तरी डॉक्टर आधी एकच प्रश्न विचारतात: हे नवीन आहे की आधीपासून? त्याचं उत्तर फक्त या कागदात असतं.

जपायचं म्हणजे कसं, तेही सांगते, कारण इथे चांगली चांगली माणसं चुकतात. ईसीजीचा कागद उष्णतेवर उमटणारा असतो. तो हळूहळू पुसट होतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत आणखी लवकर. एका वडिलांनी जपून राहावा म्हणून तो लॅमिनेट केला आणि मशिनच्या गरमीने अख्खा कागद काळा पडला. म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मोबाईलमध्ये सपाट उजेडात फोटो घ्या, वरचे छापील आकडे वाचता येतील असा. फोटो घरातल्या दोन माणसांच्या फोनमध्ये ठेवा.

त्या छापील आकड्यांत पीआर लिहिलेलं असतं. वरून खाली निरोप पोचायला लागलेला तो वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागात. मोठ्या माणसात तो २०० पर्यंत चालतो, मुलांत त्याहून कमी असायला हवा. हा आकडा वहीत वेगळा लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक ईसीजीला शेजारी नवा आकडा मांडा. तो चढत गेला तर निदान विचारायला तुमच्याकडे नेमका प्रश्न असेल.

छत्रीचं कार्डही असंच सांभाळा. त्यावर कंपनी, माप आणि नंबर असतो. एमआरआयची वेळ आली तर पहिल्यांदा तेच मागतात.

कुठल्या काळात काय बघायचं

पहिले २४ तास मॉनिटरवर जातात. मधेच एखादा जादा ठोका येतो, मॉनिटर वाजतो, घरच्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. हृदयाच्या भिंतीला नुकताच तारेचा स्पर्श झालेला असतो, त्यामुळे हे पुष्कळदा दिसतं आणि बसतं. फक्त एक अपवाद. एएसडीच्या छत्रीनंतर खालच्या कप्प्यातून येणारे जादा ठोके अचानक भरपूर वाढले, तर छत्री जागची हलून खाली गेली का हे बघायला लगेच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. तेव्हा "आत्ताच तर इको झाला होता" म्हणून अडवू नका.

पहिला आठवडा सुजेचा. व्हीएसडीनंतरचा ब्लॉक बहुतेक वेळा याच काळात कळतो. लवकर कळला तर स्टेरॉइड देऊन सूज उतरवण्याचा प्रयत्न करतात, आणि काही मुलांचा निरोप पूर्ववत होतो. नाही झाला तर ऑपरेशनने छत्री काढणं किंवा पेसमेकर बसवणं हे मार्ग उरतात. म्हणून तर दिवसांची किंमत आहे. एएसडीनंतरचा ब्लॉक सहसा सौम्य असतो आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप सुधारतो.

दुसऱ्या आठवड्यापासून दीड महिन्यापर्यंत मोठ्या माणसांनी फिब्रिलेशनवर लक्ष ठेवायचं. सहा महिन्यांपर्यंत छत्रीवर हृदयाचं स्वतःचं अस्तर चढतं. तोवर अ‍ॅस्पिरिन किंवा डॉक्टरांनी दिलेली रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने थांबवायची नाही. ठोके अनियमित असताना गोळी बंद करणं आणखी धोक्याचं, कारण थरथरणाऱ्या कप्प्यात गुठळी धरते.

इको आणि ईसीजी साधारणपणे एक, सहा आणि बारा महिन्यांनी होतात. पुढे एएसडीची माणसं सुस्तावली तरी मी समजू शकते. व्हीएसडीच्या पालकांना मात्र मी हात जोडून सांगते, वर्षातून एक ईसीजी कायम काढा. छत्री बसून महिने, अगदी वर्षं लोटल्यावरही पूर्ण ब्लॉक झाल्याची उदाहरणं आहेत. थोडी आहेत, पण आहेत. ईसीजी ग्रामीण रुग्णालयातही निघतो, त्यासाठी दर वेळी शहर गाठायची गरज नाही.

धडधड सुरू झाली तर

पहिल्यांदा मुलाला बसवा, घड्याळ बघा आणि सुरू झाल्याची वेळ लिहा. मग नाडी मोजा. मोजताच येत नसेल इतकी जलद असेल तर तसंच लिहा, "मोजता येत नाही", ती सुद्धा माहिती आहे. ती बटण दाबल्यासारखी एकदम सुरू झाली की हळूहळू चढली, हे मुलाला विचारा. ताप, रडणं, धावणं यांनी नाडी हळू चढते आणि हळू उतरते. वेगाचा खरा आजार असेल तर ती क्षणात २०० च्या घरात जाते, तिथेच ठाकते आणि क्षणात सुटते.

दहा-पंधरा मिनिटांत बसली नाही तर जवळात जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे जा आणि धडधड चालू असतानाच ईसीजी काढायला सांगा. मोठ्या हॉस्पिटलच्या दोन तासांच्या प्रवासात धडधड थांबते, मग तिथे सगळं नॉर्मल निघतं आणि निदान पुन्हा लांबतं. तालुक्याच्या गावात काढलेला तो एक कागद पुढे दहा तपासण्या वाचवतो. मोठ्या माणसांकडे ईसीजी घेणारं घड्याळ असेल तर त्या क्षणाची नोंद घेऊन ठेवा.

श्वास कोंडून कुंथणं, तोंडावर बर्फाच्या पाण्याचं फडकं ठेवणं असे उपाय वेगाच्या एका प्रकारात चालतात, पण तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या मुलासाठी शिकवले असतील तरच करा. डोळ्यांवर दाब देण्याचा जुना उपाय कुणी सांगितला तर करू देऊ नका. बुबुळाला इजा होते.

नाडी जलद आहे आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागते, चेहरा पांढरा पडलाय, घेरी येते, तर हा नुसता ठोक्यांचा प्रश्न नसेलही. हृदयाभोवती पाणी किंवा रक्त साठलं तरी असंच होतं, आणि एएसडीच्या छत्रीनंतर ते क्वचित का होईना, घडतं. अशा वेळी १०८ लावा. पोचल्यावर पहिलं वाक्य "हृदयात छत्री बसवली आहे, इको करा" हे असू द्या.

नाडी संथ लागली तर

इथे वाट बघायची नाही. पाच-सात वर्षांचं मूल जागं असताना नाडी ६० च्या खाली, मोठ्या माणसाची ४० च्या खाली किंवा ५० च्या खाली आणि सोबत चक्कर, तर त्याच दिवशी ईसीजी. मूल क्षणभर जरी बेशुद्ध झालं असेल तर नंतर ते कितीही हसत-खेळत असो, सरळ हॉस्पिटलला न्या. उठतच नसेल, श्वास नीट नसेल, तर एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबायला सुरुवात करायची.

लहान मूल "मला चक्कर येते" असं म्हणत नाही. ते खेळ सोडून कडेला बसतं. दूध पिता पिता थकतं, झोप वाढते, "पाय दुखतात" म्हणतं. आजीला वाटतं दृष्ट लागली. दृष्ट काढायची तर खुशाल काढा, पण आधी नाडी मोजा.

घरातल्या मोठ्यांची रक्तदाबाची किंवा धडधडीची गोळी अंदाजाने मुलाला किंवा स्वतःला देऊ नका. धडधड कमी करणाऱ्या पुष्कळ गोळ्या त्याच एव्ही नोडला आणखी संथ करतात. निरोप आधीच अडखळत असेल तर ती गोळी तो पूर्ण थांबवू शकते. नाक चोंदल्यावरच्या सर्दीच्या गोळ्यांचा प्रश्न उलटा, त्यातल्या काही नाडी वाढवतात. दुकानातून घेण्याआधी विचारा.

होल्टर लावला असेल तर

होल्टर म्हणजे २४ तास किंवा त्याहून जास्त वेळ ठोके टिपणारी छोटी पेटी. आईबाप त्या दिवशी पोराला पलंगावरून उतरू देत नाहीत, पेटी तुटेल म्हणून. असं केलं तर होल्टर लावून उपयोग काय? आंघोळ तेवढी टाळा, बाकी जिना, खेळ, भांडण, सगळं होऊ द्या आणि काय चाललंय ते वेळेसकट वहीत लिहा. "५.१० ला सायकल, ५.२५ ला दमून बसला" अशा एका ओळीवरून डॉक्टर पट्टीतली नेमकी जागा उघडून बघतात.

शाळेत द्यायचा कागद

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मूल शाळेत जाईल तेव्हा वर्गशिक्षकांना अर्ध्या पानाचं पत्र द्या. नाव, छिद्र कोणतं, छत्री कधी बसवली, पीटीला कोणत्या तारखेपासून परवानगी आहे, तुमचे दोन फोन नंबर. खाली मोठ्या अक्षरात: "खेळताना अचानक बसला, पांढरा पडला किंवा पडला, तर 'दमला असेल' समजू नये. आडवं करावं, १०८ ला आणि आम्हाला लगेच फोन करावा." ईसीजीची झेरॉक्स त्या पत्राला टाचून द्या. पत्राची एक प्रत पीटीच्या सरांकडेही जाऊ द्या, कारण मैदानावर तेच असतात.